जुनं द्या, नवं घ्या

स्टोअरच्या खिडकीवर पाटी आहे:
जुनं द्या, नवं घ्या.
धोटा तुटला, तर तुटका धोटा द्या.
बल्ब गेला, तर गेलेला बल्ब.
केरसुणीसुद्धा बुडखा दाखवल्याशिवाय मिळत नाही
अक्कलकोट रोडच्या ह्या कारखान्यात,
जिथं आम्ही टॉवेल विणतो
कुणाकुणाची तोंडं पुसायला.

म्हंता चष्म्यावरून बघतो. जुनं कुठाय?

एवढंसं तर होतं ते.
किल्ल्यांच्या कडीला लटकणारी लाल पिशवी,
काडेपेटीपेक्षा थोडी मोठी,
आत घडी घातलेला प्लास्टिकचा पातळ कागद,
मधोमध झडप, बटणाएवढी.
हुमनाबादकर सर शिकवायला आले मार्चात.
वर पत्रा तडतडत होता,
टेबलावर कमरेपर्यंतचाच एक रबरी माणूस.
त्याच्या तोंडात फुंकायचं म्हटल्यावर
सगळ्या बाया पदराआड हसल्या.
लाजू नका, सर म्हणाले, मधे पडदा आहे.
तुमचा श्वास जाईल,
त्याच्याकडचं काही तुमच्याकडं येणार नाही.
नागम्मा म्हणाली, असलं एक घरी पण द्या की हो सर,
आपलं बोलणं जाईल, शिव्या येणार नाहीत.

निळा बाण वर.
मी तेवढंच लक्षात ठेवलं,
त्यावरची अक्षरं मला येत नाहीत.

मग मे महिना. दुपार.
कूलरचं पाणी सांडलेलं, बसलिंग अनवाणी,
आणि सोळा नंबरच्या मागाची वायर.
मेन पाडा, मेन पाडा, कुणीतरी ओरडलं,
आणि चाळीस माग एकदम बंद.
बावीस वर्षांत मी शेडमध्ये शांतता ऐकली नव्हती.
त्या शांततेत कळलं
की त्याचा श्वास ऐकू येत नाही.

छातीवर नागम्मा. तीस दाब.
मोजताना मराठी पळून गेली,
ओकटी, रेंडू, मूडू, आईच्या मोजणीनं.
निळा बाण वर. नाक चिमटीत.
पहिला श्वास गेलाच नाही,
माझेच गाल फुगले, प्लास्टिक फडफडलं.
हनुवटी. हनुवटी विसरले होते.
ती उचलली, डोकं मागं केलं,
मग गेला, आणि चादरीखाली कुणी कूस बदलावी
तशी त्याची छाती वर आली.
खाली त्याच्या मिशा टोचत होत्या, पडद्यातूनसुद्धा.
परका पुरुष. मुलाएवढा.
ह्यातलं काहीच तेव्हा मनात नव्हतं,
हे सगळं आत्ता, खिडकीशी उभं राहून.

आणि एक जास्तीचं.
डॉक्टरांनी माझा फोटो उजेडाला धरला होता मागल्या वर्षी,
छातीत कापूस बसलाय म्हणाले, मावशी, काम बदला.
पडदा त्याच्याकडून येणारं अडवतो.
माझ्याकडून काय गेलं?
सरांना विचारलं असतं, तर म्हणाले असते,
आपण सोडतो त्या हवेतही पुरेसा प्राण उरलेला असतो.
असेल. वापरलेलीच हवा दिली मी.
दुसरी नव्हती.

अँब्युलन्सवाल्यांनी त्यांचा फुगा लावला
आणि प्लास्टिक बाजूला भिरकावलं.
संध्याकाळी कुणीतरी झाडून नेलं असणार
सुताच्या गुंत्याबरोबर.

बसलिंग दीड महिन्यानं आला.
आता दाराजवळ बसून घड्या घालतो.
माझ्याकडं बघत नाही. मीही हाक मारत नाही.
त्याच्या बायकोनं एकदा कडक भाकरी पाठवली,
कापडात बांधून, वर शेंगाचटणीची पुडी,
कोणाची ते न सांगता.

जुनं कुठाय, मावशी? रजिस्टरला लिहावं लागतं.
पेन हातात धरून म्हंता थांबलाय.
तिकडं दाराशी बसलिंगला खोकला येतो,
कोरडा, सुताचा, अगदी माझ्यासारखा,
आणि आम्ही दोघंही तिकडं बघतो.

म्हंता मान खाली घालतो,
रकान्यात लिहितो, हरवले,
आणि फळीवरून नवी पिशवी काढून
माझ्यापुढं सरकवतो.
सही कर, म्हणतो.
ही पिशवी निळी आहे. बाण कुठल्या रंगाचा
ते उघडल्याशिवाय कळणार नाही.